पेपर फोडणारा आवाज

वडशाहून कोरचीला निघालेली बस कुरखेड्याच्या पुढं रानात शिरली आणि सरिताच्या मागच्या सीटवरून कुणीतरी गरजलं, “थांब, पापिणी! आज तुझा न्याय मीच करीन!”

सरिता दचकून वळली. “अहो भाऊ, कोणाले धमकी देऊन राह्यले?”

“कोणालेच नाई बाई… पाठांतर हाय. नाटकात खलनायक करतो मी.” तो ओशाळून हसला, आणि त्या हसण्यात खलनायक औषधालाही उरला नाही. “आणि… भाऊ नका म्हनू. चैतू म्हना.”

मग तो शेजारच्या म्हातारीशी गोंडीत बोलू लागला. मऊ, झुळझुळ… पाण्यानं दगड चुकवत जावं तसं. सरिता ऐकतच राहिली.

ती गावोगाव फिरणारी विशेष शिक्षिका. कोरचीकडच्या एका शाळेत तिची बुधरी होती, तिसरीतली. बुधरीला दिसायचं धुकट, आणि घरात सगळी गोंडी. चाचणी मात्र छापील, मराठीत. दर वेळी पेपर कोरा, दर वेळी शेरा एकच – ‘मंद’. यंदा सरितानं भांडून परवानगी आणली होती : प्रश्न गोंडीत, कानात ऐकवायचे. संधी एकदाच. जमलं नाही तर पुन्हा तोच कागद, तोच शेरा.

“एका लेकरासाठी परीक्षेचे प्रश्न गोंडीत वाचून देता का? रेकॉर्ड करून ऐकवाचे हायेत,” तिनं विचारलं.

“तुम्ही आयकाले बसाल तं देतो.”

शाळेच्या खोलीत, खिडक्यांना चादरी बांधून, चैतूनं सगळे प्रश्न, पर्यायांसकट, गोंडीत वाचून रेकॉर्ड केले. सरितानं कानाला हेडफोन लावून ते तपासले… आणि कपाळाला हात लावला.

“चैतू, मले गोंडीतला ओ का ठो येत नाई. नुसत्या आवाजावरून खुणा केल्या, तं सगळी उत्तरं बरोबर आली!”

“मंग चांगलंच झालं ना!”

“काय चांगलं? तू पेपर फोडून राह्यला! बरोबर उत्तर आलं का तुझा आवाज असा… ओला होते.”

चैतू मान खाली घालून बसला. “काय करू? मी बी असाच बसलो व्हतो वर्गात. माझ्या बोलीत कोनं इचारलंच नाई. वाट्टे, उत्तर लेकराच्या ओंजळीत टाकून द्यावं.”

सरिता हळूच म्हणाली, “आपण टाकलेलं तिचं नसते रे. तिले काय येते, थे तिलेच दाखवू दे.”

मूंद… नालूंग… सैयूंग… तीन, चार, पाच. सपाट वाचलं की मढ्यासारखं, जीव ओतला की फितूर. शेवटी सरितानं प्रश्नच बाजूला ठेवले. नुसते शब्द, उलटसुलट, एकेक करून वदवून घेतले. जोडायचे नंतर, म्हणजे बरोबर उत्तर कोणतं ते वाचताना त्यालाही कळू नये.

“हा कोनत्या प्रश्नाचा?”

“सांगत नाई.”

“जरासं…?”

“नाई म्हणजे नाई.”

“लय निष्ठूर बाई हाय!”

“खलनायकानं बोलू नये!” ती हसली. तो बघत राहिला… आणि पुढचा शब्द विसरला.

चाचणीच्या दिवशी केंद्रप्रमुख इंदुताई आल्या. संशय डोळ्यांत मावत नव्हता. गोंडी त्यांनाही येत नव्हती; त्यांनी आधी स्वतःच्याच कानाला हेडफोन लावले, नुसत्या आवाजावरून अंदाजानं खुणा केल्या. सरितानं तपासलं.

“बापा! मी तं नापास!” इंदुताई म्हणाल्या. “आता पोरीले द्या.”

बुधरीनं कानांवरचे हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरले. ओठ हलले. मग बोटं उठू लागली – पहिला पर्याय, तिसरा, दुसरा… चैतू बाहेर आवारात फेऱ्या घालत होता.

इंदुताईंनी पेपर तपासून शेरा लिहिला : ‘भागाकार कच्चा. शिकवावा. पुढील चाचण्याही गोंडीत, ऐकवून घ्याव्यात.’

भागाकार कच्चा! सरिताचे डोळे भरून आले. शिकवता येईल असं काहीतरी बुधरीबद्दल आज पहिल्यांदा कुणी लिहिलं होतं.

ती बाहेर धावली. चैतूला सांगितलं. तो हसला, डोळे पुसले, पुन्हा हसला. मग पिशवी उचलली. “सांच्याले वडशाले तालीम हाय… निघतो.” पण पाय निघेनात. हजारो माणसांपुढं गरजणाऱ्या त्याला शब्दच सापडेना. “सरिता… मी…”

“तुझ्या मायले भेटाले कधी येऊ?” तिनंच विचारलं.

पिशवी हातातून सुटली. “मायले? तिले… तिले मराठी नाई समजत.”

“मंग मले गोंडी शिकव. तिच्यापुढं माझी परीक्षा राहीन ना.”

“नापास झाली तरी माय घरात घेईन.”

“तसं नाई पाहिजे मले. शिकव.”

दोघं पायरीवर टेकले. चैतूनं एक वाक्य सांगितलं. सरितानं म्हटलं. आतून बुधरी चाचपडत आली, दोघांच्या मधोमध बसली आणि खुदकन हसून मान हलवली – चूक! बाईंचा हात हातात घेऊन तिनं तेच वाक्य सावकाश, एकेक शब्द करून, पुन्हा म्हणून दाखवलं.