अर्धा वाव, घराची माती

पूर्वेच्या समुद्राकडे तोंड करून, नदीच्या मुखाशी एक गाव होतं, आणि त्या गावात खांबांवर उभ्या असलेल्या घरात एक कुटुंब राहायचं. देरामान नाखवा, त्याची बायको सेमेक, त्याची म्हातारी आई तोक येम आणि त्यांची लेक जाराह. गोष्ट सांगताना घरातली माणसं आधी सांगायची अशी रीत आहे. पण घराखाली, बदकांच्या शेजारी, जाळं सांधत बसणारा आणखी एक जण होता. त्याला सगळे विसरले, म्हणून तर ही गोष्ट घडली. त्याचं नाव देरिस.

गलबत सयामला जावो की सिंगापूरला, सुखरूप परत आलं की नाव नाखव्याचं व्हायचं. सुकाणू धरणाऱ्याचंही थोडंफार व्हायचं. देरिस बसायचा पुढे, अगदी नाळेवर, लाटेचं पाणी तोंडावर घेत. दोरीला बांधलेला शिशाचा गोळा पाण्यात सोडायचा. गोळ्याच्या बुडाला मेण लावलेलं. तळ लागला की दोरी मोजायची, गोळा वर ओढायचा, मेणाला काय चिकटलंय ते बोटानं चोळायचं, आणि ओरडायचं, "चार वाव, वाळू!" दोन्ही हात पसरले की जेवढं होतं तेवढं एक वाव. मग मागून नाखव्यानं तेच शब्द परत म्हणायचे, "चार वाव, वाळू!" ओ आली म्हणजे ऐकलं. ओ आली नाही तर गोळा पुन्हा टाकायचा नाही, तीच हाक परत द्यायची. दर्यावरचा हा नेम देरिसच्या हाडांत मुरला होता.

त्याला ना बायको, ना पोर. कुठल्या बेटावरून आला तेही कुणी विचारलं नव्हतं. म्हणून गावातली पोरं त्याला, सगळ्या म्हाताऱ्या माणसांना म्हणतात तसं, तोक म्हणायची आणि त्याच्यावर हक्क गाजवायची. लपाछपीत राज्य कायम त्याच्यावर.

"तोक देरिस, राज्य तुझ्यावर!"

"अरे मेल्यांनो, काल पण माझ्यावरच होतं."

"मग तुला सवय झाली की!"

म्हातारा माडाला कपाळ टेकून डोळे मिटायचा. त्याला एक-दोन-तीन येत नसावं, किंवा गंमत म्हणून असेल, तो उलटे वाव मोजायचा. "नऊ वाव, चिखल... आठ वाव, चिखल... सात वाव, वाळू..." आणि शेवटी ठरलेलं, "अर्धा वाव, घराची माती!" की वळायचा आणि शोधायला निघायचा. पोरं लपल्या जागेवरून हळूच 'कूऽऽ' करून त्याला खिजवायची, आणि जाराह तर अशी लपायची की सात जन्मांत सापडू नये. मग तो दमून ओरडायचा, "हरलो ग बायांनो, ओ द्या!" आता खेळाचा नेम असा, की जो पहिली ओ देईल, पुढचं राज्य त्याच्यावर. म्हणून ओ कुणीच द्यायची नाही. पोरं तोंडावर हात दाबून हसत बसायची, आणि म्हातारा तिन्हीसांजेपर्यंत एकटाच झुडपं चाळत फिरायचा.

मागच्या वर्षी मिठाचं गलबत घेऊन परत येताना, नदीच्या तोंडावरच, देरिस नाळेवरून पडला. पहाटेचं धुकं होतं. गलबत वाळूच्या दांड्याला जरासं घासलं, हिसका बसला, आणि म्हातारा गेला. दोरी गेली, गोळा गेला. अंग काही सापडलं नाही. गलबत वाचलं, मीठ वाचलं. गावानं जेवण घातलं, नारळाच्या दुधातला भात केला. सगळे म्हणाले, देरामानच्या हाताला यश आहे. दुवेच्या वेळी इमामानं विचारलं, "देरिसच्या नावापुढे बापाचं नाव काय लावू?" ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"राहू दे मग," देरामान मान खाली घालून म्हणाला.

आणि ते राहिलं.

या वर्षी देरामान तांदूळ भरायला पुन्हा सयामला गेला. नाळेवर नवा तरुण घेतला. परतायचा वायदा होऊन गेला, वारा फिरला, समुद्र करडा झाला. बाकीच्यांनी आपापल्या होड्या वर ओढून झाकून टाकल्या. ईशान्येचा वारा सुटला की नदीच्या तोंडावरची वाळू रात्रीत जागा बदलते. कालची वाट आज नसते. वाट चुकली की गलबत दांड्यावर बसतं, आणि तिथे बसलेलं गलबत लाटा फोडून खातात. सेमेक रोज किनाऱ्यावर जायची आणि परत येऊन चूल पेटवायची.

अशा एका दिवेलागणीला जाराह बदकं आणायला नदीच्या चिखलात उतरली. रोजचंच काम. पाऊस नुकता थांबला होता, पाण्यावर धुकं धरलं होतं. पलीकडे पोरांचा खेळ चालला होता, त्यांचा गलका ऐकू येत होता. बदकं हाकता हाकता तिला ऐकू आलं, लांबून, समुद्राच्या बाजूनं,

"नऊ वाव... चिखल."

पोरांचा गलका एकदम थांबला.

मग बराच वेळ काही नाही. मग परत तेच, जरा मोठ्यानं. "नऊ वाव... चिखल."

पोरं घराकडे पळत सुटली. जाराह बदकं तिथेच टाकून पळाली.

"आजी, तोक देरिस..."

तोक येमनं तिच्या तोंडावर हात ठेवला. "नाव घेऊ नकोस. तू ओ दिलीस का?"

जाराहनं नाही म्हणून मान हलवली.

"शहाणी माझी ती. तिन्हीसांजेला बाहेरून हाक आली तर ओ द्यायची नाही. कुणाचाही आवाज असो. आईचा असला तरी नाही. ओ दिली की हाक देणारा माणसाला घेऊन जातो."

दुसऱ्या दिवशी आवाज दांड्यापाशी होता. पाच वाव, वाळू. साऱ्या गावानं खिडक्या लावून घेतल्या. शेजारची माक लिजाह जिन्यातूनच ओरडली, "सेमेक, तुमचा पाहुणा आलाय ग! आमच्या दारात नको, तुमच्या दारात ने त्याला!"

"तुझं तोंड तेवढं दारात ठेव, भूत आपोआप पळेल," सेमेक म्हणाली खरी, पण दाराला आतून अडसर घातला.

त्याच्या पुढच्या सांजेला तो नदीत शिरला. धक्क्यापाशी. दोन वाव, चिखल. प्रत्येक हाक तो पुन्हा पुन्हा द्यायचा, आणि मध्ये थांबायचा. त्या थांबण्याचीच जाराहला जास्त भीती वाटायची. जणू कुणी मान वाकडी करून कानोसा घेतंय.

चौथ्या दिवशी बदकं घराखाली जाईनात. कितीही हाका, जिन्यापाशी येऊन माना ताठ करून उभी राहायची. शेवटी ती तशीच पावसात राहिली. तिघी बायका दिवा मध्ये घेऊन बसल्या. अजान होऊन गेली. पावसाचा जोर ओसरला, वळचणीचं पाणी ठिबकत राहिलं. आणि फळ्यांच्या फटींतून वास वर आला. भिजलेल्या दोराचा. मेणाचा. खूप दिवस पाण्यात राहिलेल्या कापडाचा.

धप्.

खाली, कोरड्या मातीवर, काहीतरी जड पडलं. मग दोर ओढल्याचा आवाज. सर्र... सर्र... आणि त्यांच्या पायांखालून, अगदी हळू,

"अर्धा वाव... घराची माती."

सेमेकनं जाराहला छातीशी आवळलं. "काय पाहिजे त्याला? आई, काय पाहिजे त्याला आपल्या घरात? धनी तिकडे पाण्यात, आणि हा इथे..."

तोक येम दिव्याकडे बघत होती. तिनं वात जरा वर सारली. मग म्हणाली, "देरामाननं मला सांगितलंय. त्या पहाटे देरिस ओरडला. दीड वाव, वाळू. माझ्या लेकानं ऐकलं. पण ते सगळे कसल्याशा थट्टेवर हसत होते. त्याला वाटलं, म्हातारा रोजच ओरडतो. ओ दिली नाही. तो परत ओरडला. तरी दिली नाही. तिसऱ्यांदा ओरडायला तो नाळेवर उठून, वळून उभा राहिला... आणि तेवढ्यात हिसका बसला."

"म्हणजे सूड घ्यायला आलाय."

"घेईल नाही तर काय करील?"

"अर्धा वाव... घराची माती." पुन्हा. आणि पुन्हा ते थांबणं.

जाराहच्या डोळ्यांपुढे आलं, म्हातारा माडाला कपाळ टेकून उभा आहे. हरलो ग बायांनो, ओ द्या. आणि ती झुडपात तोंड दाबून हसतेय. त्याला ना गलबतावर ओ मिळाली, ना गावात. ओ मिळाल्याशिवाय त्याला दुसरा गोळा टाकता येत नाही. तो सूड घ्यायला नव्हता आला. तो अडकला होता.

आजीनं ओळखलं. "जाराह, नाही. नाही म्हणते ना! ओ द्यायची नाही!"

पण पोरगी फळीवर पालथी पडली होती, फटीला तोंड लावून. "अर्धा वाव, घराची माती!" तिनं खणखणीत ओ दिली.

खाली सगळं थांबलं. ठिबकणारं पाणीसुद्धा थांबल्यासारखं वाटलं. मग कुणीतरी खूप दिवसांचा कोंडलेला श्वास सोडावा तसा आवाज झाला. दोर सर्रकन ओढला गेला, आणि जरा लांब, नदीच्या उतारावर, पाण्यात पडल्याचा आवाज आला.

"एक वाव... चिखल!"

"एक वाव, चिखल!" जाराह जिन्यानं धावत उतरली.

"अग थांब! नेतोय तो तुला!" सेमेकनं मागून धावत तिच्या लुंगीचं टोक पकडलं आणि मनगटाला गुंडाळून घेतलं. जायचंच तर दोघी जाऊ, म्हणून. अशा त्या दोघी, पुढे लेक, मागे आई, नदीच्या काठानं धुक्यात चालल्या. हाक पाण्यावरून पुढे सरकत होती. दोन वाव. ओ. अडीच वाव. ओ. तीन वाव, वाळू. ओ. हाका सरळ जात नव्हत्या. डावीकडे वळायच्या, मग एकदम उजवीकडे. जाराहला काही कळत नव्हतं. सेमेक नाखव्याची बायको होती, तिला कळलं. वाळूनं या वर्षी वाट कुठून ठेवलीय, ते तो मोजत चालला होता.

वाळूच्या टोकावर जमीन संपली. समोर नुसतं पांढरं धुकं आणि त्यात लाटा फुटल्याचा आवाज.

"चार वाव... वाळू!" आता आवाज खूप लांबून आला.

जाराहनं तोंड उघडलं, पण घसा बसला होता. शब्दच निघेना. तिनं पुन्हा प्रयत्न केला. नुसती फुंकर निघाली.

आणि धुक्यातून, त्याहूनही लांबून, दुसराच एक आवाज आला. फाटलेला, जीव तोडून ओरडणारा.

"चार वाव, वाळू!"

सेमेकनं मनगटाला गुंडाळलेलं टोक सोडून दिलं. तो देरामानचा आवाज होता.

मग हाका परत आत यायला लागल्या. नाळेच्या पुढून एक, मागून एक. तीन वाव, वाळू. तीन वाव, वाळू. अडीच. दोन. डावीकडे, मग उजवीकडे. धुक्यातून आधी शीड निघालं, मग नाळ, मग सगळं गलबत, आणि दांड्याला न शिवता, एखादं बदक तळ्यात शिरावं तसं नदीत शिरलं.

धक्क्यावर गाव लोटलं. खलाशी उतरून जमिनीला कपाळं टेकत होते. नाळेवरचा नवा पोरगा विचारत सुटला, "होडी घेऊन कोण आलं होतं पुढे? आम्ही तिन्हीसांजेपासून बाहेर चकरा मारत होतो. आमचा गोळा तर येतानाच खडकात तुटून गेला. कोण मोजत होतं?"

कुणी होडी घेऊन गेलं नव्हतं. सगळ्या होड्या वर झाकलेल्या होत्या.

देरामान सगळ्यात शेवटी उतरला. त्यानं आईचे पाय धरले आणि हळूच म्हणाला, "या वेळी मी ओ दिली, आई."

सकाळी गलबत धुताना नाळेवर शिशाचा एक गोळा सापडला. जुना, देरिसच्या हातचा. दोर ओला होता, बुडाचं मेण मऊ होतं. पण त्या मेणाला समुद्राची वाळू नव्हती. घराखालची कोरडी माती होती, आणि बदकाचं एक बारीक पीस.

आठवड्याभरात गावजेवण झालं. भाताचं पहिलं ताट देरिसच्या नावानं वाढलं. इमामानं पुन्हा विचारलं, "बापाचं नाव काय लावू?" तोक येम पडद्याआडून म्हणाली, "आमच्या घरचा म्हणून लावा. आणि मोठ्यानं वाचा, नदीपर्यंत ऐकू जाऊ दे."

त्यानंतर त्या घरानं वाईट दिवस बघितला नाही. सयामचा तांदूळ बघता बघता विकला गेला. पुढच्या वर्षी देरामाननं दुसरं, मोठं गलबत बांधलं, आणि त्याच्या नाळेवरच्या माणसाला तो जेवताना आपल्या पानाशेजारी बसवायला लागला. त्याचं गलबत कधी दांड्याला घासलं नाही. सेमेकला मुलगा झाला. माक लिजाह आता त्यांच्याच जिन्यात बसून पान खाते आणि सांगते, मी तर तेव्हाच म्हणाले होते, पाहुणा तुमच्याच दारात न्या!

सगळं सगळं आलं त्या घरात. फक्त जाराह पुन्हा कधी लपाछपी खेळली नाही. तिच्या लक्षात यायला थोडे दिवस गेले, की खेळाचा नेम तर तोच आहे, पहिली ओ देणाऱ्यावर राज्य येतं. देरिसचं राज्य फिटलं. आता राज्य जाराहवर, आणि लपायची पाळी त्याची.

आणि त्याचं अंग अजून कुणाला सापडलेलं नाही. भरल्या घरात दिवा लागतो, बदकं जिन्यापाशी येऊन माना ताठ करून थांबतात, आणि घराखालून, कोपऱ्यातल्या खांबामागून, कुणीतरी तोंडावर हात दाबून हसल्यासारखं, हळूच म्हणतं,

"कूऽऽ..."