दाब, धर, सोड

काकांनी, म्हणजे माझ्या चुलत सासऱ्यांनी, तीस वर्षं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवलं. त्यामुळे त्यांची भुतंसुद्धा मापात येतात. कुठली गाडी, कुठला नट, किती वाजता, सगळं पक्कं. त्या रात्री जेवणं आटोपून आम्ही पायरीवर बसलो होतो आणि धाकट्या दिरांनी कुणाची तरी जुनी गाडी विकत घेण्याचं खूळ काढलं. काका म्हणाले, घे, पण वर्षानुवर्षं झाकून ठेवलेली घेऊ नकोस. का, ते कुणी विचारायच्या आतच त्यांनी सांगायला घेतलं.

माझं एक गिऱ्हाईक होतं, घड्याळजी. खाली दुकान, वर घर, मागे शेड. शेडमध्ये ताडपत्रीखाली एक गाडी, नऊ वर्षं जागची न हललेली. पहिली बायको आजारपणात गेली त्या महिन्यात झाकली, ती झाकलीच. ती गाडी दोघांनी मिळून भंगारातून उभी केलेली. बाई चणीने ठेंगणी, पण हातात पाना घेतला की भल्याभल्यांनी बाजूला व्हावं.

दुसरी बायको आली त्याला तीन वर्षं झाली होती. घरात पहिलीचा फोटो नाही, कपडा नाही, नवऱ्याच्या तोंडी तिचं नावही नाही. हिला वाटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला. आणि मग हिनेच निखाऱ्यावरची राख फुंकली. बहिणीकडे जायला दोन बस बदलाव्या लागतात म्हणून नवऱ्याला म्हणाली, अहो, मागे गाडी गंजत पडलीय, ती तरी चालू करा.

माणूस कामाला लागला. टाकीतलं जुनं पेट्रोल उपसलं, त्याला वॉर्निशसारखा वास. प्लग काढून आत थेंबथेंब तेल सोडलं, इंजिन हाताने फिरवून मोकळं केलं. एअर फिल्टरमध्ये उंदरांचा भरला संसार होता, तो हलवला. पण नट सैल होतील तसं त्याचं तोंडही सैल व्हायला लागलं. हा पाना तिच्या आवडीचा. ही वायर तिने जोडलेली. ती टॉर्च अशी धरायची की सावली पडायची नाही. तीन वर्षांत हिच्याशी बोलला नसेल तेवढा दोन आठवड्यांत बोलला, आणि सगळं तिच्याबद्दल. ही टॉर्च धरून उभी. सवत समोर असती तर चार शब्द सुनावले असते. इथे भांडायचं कुणाशी?

"तुम्हीही असेच बोलायचात," काकू आतून म्हणाल्या. "फक्त कार्बोरेटरबद्दल."

आम्ही हसलो. काका हसले नाहीत.

इंजिन सुरू झालं. राहिला ब्रेक. त्यातली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक सीटवर बसतो, दुसरा चाकाशी आडवा होऊन नट सैल करतो. खालचा म्हणतो दाब, वरचा ब्रेक दाबतो. धर म्हटलं की पाय तसाच धरायचा. खाली नट आवळला की मगच सोडायचा. आधी उचलला तर हवा परत आत, केलेलं सगळं मुसळ केरात.

नोव्हेंबरचा दुसरा गुरुवार. हिचा पाय तीनदा आधी उचलला गेला. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. नुसता म्हणाला, "तिचं कधी चुकलं नाही."

हिने टॉर्च बॉनेटवर ठेवली आणि वर जाऊन झोपली. झोपली कसली, कूस बदलत पडली.

अकरा वाजून दहा मिनिटं. घड्याळजीचं घर, वेळ चुकायची नाही. खालून आवाज आला.

"दाब… धर… सोड."

हिला वाटलं, एकटाच बडबडतोय. पण मधूनमधून ब्रेक दाबल्याचा आवाज येत होता. आणि नवऱ्याचा सूर… मऊ. तसा तो हिच्याशी कधी बोललाच नव्हता.

ती खाली आली. शेडच्या दारातून पाहिलं. त्याचे पाय मागच्या चाकाशी बाहेर आलेले. गाडीतला दिवा चालू. सीटवर कुणी नाही. पण सीट पार पुढे ओढलेली. आणि गादी मधोमध दबलेली.

"बघ," तो खालून म्हणाला, "आता कसं जमलं."

कुणाला म्हणाला? ही तर अजून दाराबाहेर.

तीन चाकं झाली होती. एक राहिलं होतं. तो सरपटत पुढच्या चाकाशी गेला.

पोरांनो, तिला भीती वाटायला हवी होती. तिला राग आला. माझ्या घरात, माझ्या नवऱ्याबरोबर, अशा अवेळी… तिने दार उघडलं आणि सीटवर बसली. गुडघे स्टिअरिंगला टेकले. गादी थंडगार. पाय ब्रेकवर ठेवला.

"दाब."

ती दाबणार… त्याआधीच दाबला गेला.

तिच्या पावलावर दुसरं पाऊल होतं. दिसत नव्हतं. वजन होतं.

"धर."

वजन तसंच राहिलं.

"सोड."

नाही.

तिने पाय ओढला. हलेना. दातओठ खाऊन पुटपुटली, "ही जागा माझी आहे."

वजन वाढलं.

"सोड."

…

खाली पाना थांबला. मग नवरा अगदी हळू, समजूत काढावी तसा म्हणाला,

"पुरे आता. तिला जाऊ दे."

पाय सुटला.

काका तांब्यातलं पाणी प्यायले. मला त्या पावलापेक्षा त्या 'तिला'चीच जास्त भीती वाटली. म्हणजे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे अंगणात कुठेतरी बघत होते.

मग पुढे, दिरांनी विचारलं.

पुढे काय. ब्रेक उत्तम झाले. पण गाडी शेडबाहेर आलीच नाही. घड्याळजी मात्र दर गुरुवारी माझ्याकडे ब्रेक ऑइलची बाटली न्यायला लागला. एकदा भरलेले ब्रेक दोन वर्षं बघावे लागत नाहीत. मी काय समजायचं ते समजलो. हा आपणच नट सैल करून हवा आत घेत होता. रात्री परत काढता यावी म्हणून.

फेब्रुवारीत ती एकटी दुकानात आली, त्या रात्रीचं सगळं तिच्याच तोंडून कळलं. मी म्हटलं, वहिनी, थोडे दिवस बहिणीकडे जाऊन राहा. तिने नाही म्हणून मान हलवली.

"दादा, दर गुरुवारी त्या सीटवर मीच बसते. एक गुरुवार जरी उठले ना, तर जागा गेलीच."

मग तिने चप्पल काढली आणि विचारलं, ब्रेक ऑइल सांडलं तर असा डाग पडतो का.

मी काउंटरवरून वाकलो. उजव्या पावलावर काळानिळा वळ. त्यात पाच बोटं. एकेक वेगळं मोजता येईल असं. तिच्या बोटांहून लहान… आणि वळ ताजा. कडा अजून लाल, आदल्या रात्रीचा असावा तसा.

त्या दिवशी बुधवार होता.