मोडलेलं गलबत

पुतण्याच्या कोटाचं बटण तुटलं होतं, आणि ते काकूच लावून देत होती! आज तोच कोट घालून तो न्यायाधीशासमोर उभा राहणार होता आणि सांगणार होता, की या काकानं, माझ्या पालकानं, मी अज्ञान असताना माझी इस्टेट बुडवली... आणि ही बाई, जिनं त्या आईवेगळ्या पोराला तळहातावरच्या फोडासारखं जपलं, ती दातानं दोरा तोडून म्हणत होती, की घट्ट बसलंय हो, आता जन्मात तुटायचं नाही. त्यानं खाली मान घालून कोट घेतला आणि न जेवताच तो निघून गेला.

मग ती नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अहो, मला तरी खरं सांगा. त्या लेकराचं काही घेतलंय का आपण?"

काकांना वाटलं, सांगावं... एकदाच सांगून मोकळं व्हावं! पण काकूच्या तोंडात तीळ भिजत नसे. पोराचा उतरलेला चेहरा पाहिला की ती सगळं भडाभडा बोलून टाकणार, हे ते पुरतं ओळखून होते. त्यांनी मुकाट्यानं वहाणा पायात सरकवल्या.

थोरला भाऊ गलबतं बांधायचा. डावखुरा होता. डावखुऱ्याच्या गलबतात पाणी शिरत नाही, असं सारं बंदर शपथेवर सांगायचं. काकाही सुतारच, पण चारचौघांसारखे उजव्या हाताचे आणि कारागीरही चारचौघांसारखेच, असं लोक थट्टेनं म्हणत आणि तेही हसून मान डोलावत. भाऊ तापानं गेला तेव्हा मागे उरलं एक अजाण पोर, कारखाना आणि पाण्यात लोटायला तयार असलेलं एक गलबत. कोर्टानं काकांना पालक नेमलं आणि बजावलं, की परवानगीशिवाय यातलं काही विकायचं नाही, मोडायचं नाही.

गलबत पाण्यात लोटण्याआधी त्याचा कणा या टोकापासून त्या टोकापर्यंत लाकडी हातोडीनं वाजवून बघायचा, ही या धंद्यातली रीत. काका वाजवत गेले, आणि मधोमध एके ठिकाणी आवाज बद्द आला. वरची राळ खरवडली, तर आत वीतभर चीर! ती पटाशीनं रुंद करून तिच्यात भुसा आणि सरस ठासून भरलेला... अंगात ताप, दारात गिऱ्हाइकाची घाई, आणि त्या देवमाणसानं, ज्याच्या नावानं बंदर शपथा घेई त्यानं, ठिगळ लावलं होतं! पहिल्याच वादळात तो कणा दुभंगला असता आणि माणसं तळाला गेली असती. आणि कणा बदलायचा तर सगळं गलबतच मोडावं लागणार.

कोर्टाची परवानगी मागायची तर कारण सांगावं लागणार, आणि एकदा ते चार लोकांसमोर उघडं पडलं की त्या पोराच्या कारखान्याची पायरी पुन्हा कोण चढणार? बापाचा लौकिक हीच त्याची खरी इस्टेट, बाकी नुसती लाकडं. काकांनी गिऱ्हाइकाला पदरमोड करून वाटेला लावलं, आणि सुट्टीच्या दिवशी, कारागीर नाहीत असं पाहून, एकट्यानं कुऱ्हाड चालवली. कण्याला तर आगच लावली. पोर कुठून तरी धावत आलं, त्यांच्या पायाला मिठी मारून ओरडू लागलं, की माझ्या बाबांचं आहे ते, मोडू नका... काका थांबले नाहीत. लोक म्हणाले, लाकूड विकून खाल्लं असणार. त्या दिवसापासून त्या पोरानं त्यांना कधी तोंड भरून काका म्हटलं नाही, आणि सज्ञान झाल्यावर पहिलं काम काय केलं, तर दावा लावला.

कोर्टातला साहेब परक्या भाषेत विचारायचा आणि दुभाष्या ते समजावून सांगायचा. गलबत मोडलं का? हो. परवानगी घेतली होती? नाही. मग का मोडलं?

काकांनी समोर पाहिलं. कोटाचं ते बटण नीट लावलेलं होतं.

"माझी मर्जी," ते म्हणाले.

दुभाष्याही चपापला. त्यानं पुन्हा विचारून खात्री करून घेतली, आणि साहेबानं ते लिहून घेतलं.

भरपाईत काकांचं राहतं घर गेलं. नवराबायको कोळशाच्या वखारीमागच्या खोलीत राहायला गेली. काकूला तिथली धूळ सोसवली नाही, तिनं खोकल्यानं अंथरूण धरलं, आणि त्याच थंडीत ती गेली... शेवटपर्यंत शेजारणीला विचारत होती, की तो पोरगा वेळेवर जेवतो का. पुतण्या आला, दाराबाहेरच उभा राहिला आणि परत गेला.

वर्षं लोटली. आणि एका दुपारी तो आत आला. अंगावर तोच जुना कोट, मनगटापर्यंत राळ. तो काकांच्या पायाशी खाली जमिनीवरच बसला. म्हणाला, बाबांनी शेवटच्या वर्षात बांधलेली, खाडीतच फिरणारी एक होडी दुरुस्तीला आली होती, तिचा कणा उघडला, तर आत भुसा...

"तो मी भरला होता," काका घाईघाईनं म्हणाले. "दादा आजारी होता. त्याला ठाऊकही नव्हतं."

"काका, पटाशीचे घाव डावीकडून पडलेत."

 काकांनी आपला उजवा हात मांडीखाली लपवला.

"कोणाला दाखवलंस?"

"कोणालाच नाही. होडी मोडली, कणा जाळला. होडीवाल्याला नवी बांधून देतोय. मोडली का म्हणून तो चिडून विचारत होता."

"मग काय सांगितलंस?"

"माझी मर्जी."

आणि इतकी वर्षं दाबून धरलेला तो हुंदका काकांच्या छातीतून फुटला! पुतण्यानं त्यांच्या गुडघ्यांवर डोकं टेकलं. उद्याच कोर्टात जातो म्हणाला, सगळं सांगतो, घर परत तुमच्या नावावर करतो. काकांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. एक शब्द बोलायचा नाही, नाहीतर जे सोसलं ते सगळं पाण्यात गेलं, एवढंच ते कसंबसं म्हणाले.

डोळे पुसत पुतण्यानं विचारलं, "काकूला... काकूला तरी खरं माहीत होतं ना?"

काकांनी नकारार्थी मान हलवली.

"जाताना तिनं परत विचारलं होतं. मी गप्प बसलो. मग तिनं तोंड फिरवलं."

पुतण्याचा हात नकळत कोटाच्या त्या बटणाकडे गेला. ते अजून घट्ट होतं.