कमळाखालची वाकळ

जळकोटहून निघालेल्या यष्टीत एक बाई मांडीवर ओलं पोतं असं धरून बसली होती, की कंडक्टर म्हणाला, "बाई, लेकराचं अर्धं तिकीट घ्यावं लागंल." पोत्यात चिखल होता आणि चिखलात कमळाचे कंद.

*

लातूरचा जिल्हा होऊन चारेक वर्षं झाली, तरी नव्या कचेरीतल्या खुर्च्यांच्या पाठीवर अजून 'उस्मानाबाद' असंच रंगवलेलं होतं.

*

वाकळ शिवायची ती कडेनं. फिरत फिरत आत यायचं. मधोमध मूठभर जागा उरली की तिथं भाकरीचा तुकडा ठेवून शेवटचा टाका घालायचा. वाकळ उपाशी राहू नये.

*

"एवढा मोठा प्लॅस्टिकचा कागद? कडब्याची गंज केवढी हाय तुमची?"

"गंज न्हाई. तळं हाय."

"मग काय, तळ्यावर झाकण टाकता?" दुकानदार हसला.

"खाली टाकते," ती म्हणाली आणि काळ्या कागदाची गुंडाळी काखेत मारून चालू लागली.

*

ही बाई म्हणजे पंचशीला. नव्या कचेरीत टायपिस्ट. कॉलनीच्या टोकाला तिचं दोन खोल्यांचं घर, मागं परस, आणि घरात नवरा साहेबराव, जो शाळेत मास्तर होता, आणि सासू चांगुणाबाई. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी दगा देऊन गेला होता. टँकर आठवड्यातून दोनदा यायचा. आणि अशा वर्षात पंचशीलानं परसात तळं खोदायचं काढलं.

त्याला कारण होतं. तिच्या माहेरच्या गावी एक जुनं तळं होतं. त्याला तिच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या हात लावला नव्हता, कारण लावू दिला जात नव्हता. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर पुढच्या वैशाखी पौर्णिमेला तिची आई धुरपताबाई छातीभर पाण्यात शिरली आणि काठावरच्या सगळ्या डोळ्यांदेखत कमळं तोडून विहारात घेऊन गेली. तेव्हापासून दर वैशाखी पौर्णिमेला बुद्धापुढं त्याच तळ्याची गुलाबी कमळं. एक वर्ष चुकलं नाही.

पौषात धुरपताबाई वारली. माघात तळं आटलं. दुष्काळी कामावर मजूर लागले आणि तळ्यातला गाळ, मुळ्याकंदांसकट, गाड्या भरभरून शेतांत जाऊ लागला. पंचशीला उन्हात त्या भेगांत उतरली आणि मिळाले तेवढे कंद हातानं उकरून काढले. चार निघाले. कमळाची ती जात आता एवढीच उरली होती.

"औंदा कागदाची फुलं वाहू," साहेबराव म्हणाला. "भगवंताला समजतं दुष्काळ हाय ते."

"भगवंताला समजतं हो. मला न्हाई समजत."

साहेबरावानं कुदळ घेतली.

मुरूम कडक होता. कुदळीतून ठिणग्या उडत. कमरेइतकं खोल, कडेला पायरी. गवंडी वापरतात तसल्या पाण्याच्या नळीनं पंचशीलानं चारही काठ एका पातळीत आणले. तळातला खडा न् खडा वेचला. कागदाला खडा टोचला की सगळं मुसळ केरात. म्हणून कागदाखाली मऊ काहीतरी अंथरायला हवं होतं. पोती अपुरी पडली.

तेव्हा तिनं ट्रंकेतून वाकळ काढली.

आई गेल्याचा निरोप मिळून ती गावी पोचली, तोवर सगळं आटोपलं होतं. भाऊ भीमा बाहेर माणसांत बसला होता. आत खाटेवर ही वाकळ घडी करून ठेवलेली होती. कुणाला न विचारता तिनं ती पिशवीत घातली. ठिगळांतलं एकही लुगडं तिच्या ओळखीचं नव्हतं. पण लग्नानंतर ती माहेरी राहिलीच किती होती?

चांगुणाबाई उंबऱ्यात बसून तूर निवडत होती. वाकळ पाहून तिचा हात थांबला.

"मेल्या माणसाची हाय का गं ती?"

"आईची हाय, आत्या."

"मग जाळून टाक. पुरू नको."

"आपण असलं मानत न्हाई."

"मी कुठं मानते? बाबासायबांनी सोडवलं तवा माझ्या हातानं देव्हारा उचलला मी." तिनं सूप बाजूला ठेवलं. "पण अंथरूण अंथरलं की कुणी ना कुणी झोपतंच, पोरी."

"आईचं कमळ आईच्या अंथरुणावर वाढंल. वाईट काय त्यात?"

चांगुणाबाईनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. वाकळ अंथरली गेली. तिच्यावर काळा कागद सैल, सुरकुत्या ठेवून पसरला. काठावर शहाबादी फरशीचे तुकडे दाबून बसवले.

पाणी साठवायचं ते घरातूनच. तिघंही परातीत बसून बिनसाबणाची अंघोळ करायची. तांदळाचं धुवण, भाजीचं धुवण, सगळं तळ्यात. काळ्या मातीनं भरलेल्या टोपल्यांत तिनं कंद आडवे ठेवले, कोंभ मातीबाहेर, कंदावर चपटा दगड, तरंगू नये म्हणून. टोपल्या तळाशी लागल्या. वर वीतभर पाणी आलं.

पाण्यानं कागद जमिनीला चिकटायला हवा होता. चिकटला. फक्त मधोमध एक लांबट उंचवटा राहिला.

हवा अडकली असेल. पंचशीला पाण्यात उतरली आणि पायानं दाबत दाबत ती हवा काठापर्यंत ढकलली. मऊ लागत होतं. सकाळी उंचवटा परत मधोमध होता, फक्त आता दुसऱ्या बाजूला वळलेला. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळता. त्यावरची टोपली कलंडली होती.

तिनं टोपली सरळ केली. पुन्हा हवा काढली. ती हटणारी बाई नव्हती.

चैत्राचं ऊन असं होतं, की दोरीवरचं धुणं पिळ्यासकट वाळे. कॉलनीतल्या हौदांना तळ दिसू लागला. तळ्यातलं पाणी मात्र कमी होईना. रोजच्या घागरीनं जेवढं वाढायला हवं, त्याहून ते वर येत होतं. पायरी बुडाली.

शेजारची सिंधू कुंपणाला टेकून बघत होती. तिच्याकडं एक म्हैस होती आणि तिला पाजायला पाणी नव्हतं.

"आमच्या हंड्याला कोरड पडून राहिली, अन् तुमच्याकडं नाव सोडायची तयारी! टँकरवाला पाव्हणा लागतो का काय तुमचा?"

"अंघोळीचं पाणी हाय, वहिनी. हवं तर न्या."

"अंघोळीचं?" सिंधूनं पाण्याकडं पाहिलं. "हत्ती अंघोळ करतेत का तुमच्यात?"

तरी तिनं दोन बादल्या भरून नेल्या. म्हशीनं बादलीत तोंड घातलं, जोरात फुत्कार टाकला आणि दावं ताणून मागं सरली. सिंधूनं स्वतःचा हात बुडवून पाहिला. बादल्या ओतून तिनं परत आणून दिल्या.

"कोमट हाय," ती म्हणाली. पुन्हा तिनं पाणी मागितलं नाही, आणि म्हैस परसाच्या त्या बाजूला बांधायचं सोडलं.

पाणी कोमट होतं हे खरं. पंचशीलाच्याही ध्यानात आलं होतं. ऊन आहे, कागद काळा आहे, तापणारच. पण सकाळी, गार वाऱ्यातही, ते तेवढंच कोमट असायचं. कमी नाही, जास्त नाही.

टोपल्या रोज कलंडत. पहिला कंद कुजला. मग दुसरा. तिसऱ्याचा कोंभ दगडाखाली मोडला.

"बास झालं," साहेबराव म्हणाला. "कागद उचलू. ती वाकळ काढून टाकू. खाली काय फुगलंय ते तरी कळंल."

"कागद उचलला तर राहिलेला कोंभ मोडतो."

"अन् न्हाई उचलला तर?"

गावच्या तळ्यात आता मुरूम लागला होता. मजूर घरी गेले होते. हातात उरला होता एक कंद आणि बोटभर कोंभ.

"मी बघते," पंचशीला म्हणाली.

भर दुपारी ती पदर खोचून तळ्यात उतरली. चांगुणाबाई उंबऱ्यात होती. साहेबराव काठावर.

उंचवटा तिच्या पायाला लागला. तिनं या वेळी दाबलं नाही. वाकून, कोपरापर्यंत हात घालून तो चाचपला. रुंद टोक. मग खोलगट. मग पुन्हा उंच. मग निमुळतं.

कुशीवर झोपलेलं माणूस असंच लागतं.

"आई," ती हळू म्हणाली, "थोडी जागा दे."

पाणी हललं नाही.

कागदाखाली मात्र सावकाश काहीतरी वळलं. निमुळतं टोक वर सरकलं, जसे झोपेत गुडघे पोटाशी घ्यावेत. मधे टोपलीएवढी पोकळी झाली.

साहेबराव काठावरून दोन पावलं मागं गेला.

पंचशीलानं टोपली उचलली आणि त्या पोकळीत ठेवली. नीट बसली. मापानं केल्यासारखी.

चांगुणाबाईनं सूप उचललं आणि ती आत गेली. त्यानंतर ती मागच्या दारी बसली नाही.

टोपली पुन्हा कलंडली नाही.

पान आलं, पैशाएवढं. मग बशीएवढं. मग देठ पाण्याबाहेर आला. रोज कचेरीला जाण्याआधी पंचशीला काठावर बसायची, पाण्यात हात घालायची आणि विचारायची, "आई, बरी हाईस ना?" तळहाताखाली काहीतरी सावकाश वर यायचं आणि सावकाश खाली जायचं. तिला त्यानं बरं वाटायचं.

वैशाखी पौर्णिमेला कळी उमलली. गुलाबी. तिनं देठ कापला, तेव्हा तळ्याचं पाणी चार बोटं खाली उतरलं आणि तिथंच थांबलं. ते फूल तिनं यष्टीनं गावी नेलं, विहारात, बुद्धापुढं ठेवलं. एक वर्ष चुकलं नाही.

धुरपताबाई वारली त्या दुपारी, पंचशीलाची यष्टी अजून वाटेत असतानाच, भीमानं आईची वाकळ ओढ्याकाठी नेऊन जाळली होती. घरात तेवढी एकच होती.