धर म्हटलं की धरायचं

दौलतला एक खोड होती. टॅक्सी चालू करायच्या आधी ब्रेकचं पेडल दाबून बघायचं, आणि एकदा बघून त्याचं भागायचं नाही. गिऱ्हाईक आत बसून चुळबुळ करतंय, मागचा ट्रकवाला हॉर्न मारून बेजार, तरी याचा पाय आपला खाली-वर, खाली-वर. लालबागच्या त्यांच्या चाळीत सगळे त्याला हसायचे. सगळ्यात जास्त हसायचा त्याचा मेहुणा रामदास. हा मिलमध्ये साच्यांना, म्हणजे मागांना, तेल घालायचा, आणि दौलतची बहीण शेवंती याची बायको.

"अरे, गाडी आहे का आंबा? सारखा दाबून काय बघतोस?"

"भावोजी, इंजिन बंद पडलं तर गाडी थांबते. ब्रेक गेला तर थांबत नाही," दौलत म्हणायचा आणि पुन्हा दाबायचा.

मग छप्पनचा जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही अशी बातमी फुटली आणि गिरणगाव पेटलं. मिल बंद, दुकानं बंद, ट्राम बंद, नाक्यानाक्यावर दगड, आणि वरून गोळीबार. काचा फुटू नयेत म्हणून दौलतने टॅक्सी चाळीच्या मागे नेली आणि उजवी बाजू भिंतीला अगदी चिकटवून लावली. आत शिरायचं तर डाव्याच दाराने, सीटवरून सरकत. गाडी नुसती उभी. आणि नेमक्या त्याच दिवसांत शेवंतीला कळा सुरू झाल्या.

रात्रभर कळा दिल्या, उजाडलं, ऊन डोक्यावर आलं, तरी सुटका नाही. सुंदराबाई सुईण मालवणची, निम्मी चाळ तिच्या हातावर जन्माला आलेली. ती खोलीतून बाहेर आली, हात पुसत पुसत, आणि दौलतला बाजूला घेऊन म्हणाली, "झिला, मूल आडवा आसा. माझ्या हातचा नाय रवला. दादराक कौसल्याबाई डॉक्टर आसत, शिवाजी पार्काकडे. थंय नेऊक व्हया. आत्ताच्या आत्ता."

जवळच्या इस्पितळाच्या रस्त्यावर पोलिसांची फळी. हातगाडीवर घालून दादरचा पूल चढायचा, तर वाटेतच काय व्हायचं ते होईल. राहिली टॅक्सी.

दौलत धावत मागे गेला, सीटवर बसला, सवयीने पेडल दाबलं. पाय सरळ खाली गेला. लोण्यात जावा तसा.

त्याने झाकण उघडून ब्रेकच्या तेलात बोट घातलं, वास घेतला आणि वळला. रामदास मागे येऊन थांबला होता.

"भावोजी, यात कुणी काय घातलं?"

"मीच," रामदास म्हणाला. "तेल कमी दिसलं. दुकानं बंद. मग मिलचं घातलं थोडं. एक नंबर तेल आहे रे, हजार साचे चालतात त्याच्यावर."

"साच्याला रबर नसतं, भावोजी."

एवढंच बोलला. शिवी देण्याएवढाही वेळ नव्हता. मिलच्या तेलाने ब्रेकमधली रबरं फुगतात, सडतात. नवी आणायची कुठून? झिजली म्हणून काढून टाकलेली जुनी रबरं एका डब्यात पडलेली होती, तीच त्याने पुसून बसवली. तेलाचं काय? गॅरेजातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने एकदा सांगितलेलं आठवलं, एरंडेल आणि दारू, वेळेला चालतं. एरंडेल सुंदराबाईच्या बटव्यात होतंच.

"माझा एरंडेल बाळंतिणीक आसा. गाडीक जुलाब देतंस काय रे?" असं म्हणाली, पण बाटली दिली.

दारू मिळाली तळमजल्यावरच्या बुधाजीकडे. बंदी होती तरी त्याच्याकडे नेहमी असायची. "पोटात घालायची वस्तू चाकात घालतोस, पाप लागेल," बुधाजी कुरकुरला.

आता राहिली हवा काढायची. ब्रेकच्या नळीत हवा राहिली तर ब्रेक लागत नाही, आणि ती काढायला दोन माणसं लागतात, एकट्याचं कामच नाही ते. एक गाडीखाली, एक सीटवर. खालचा म्हणतो 'दाब', वरचा पेडल दाबतो. खालचा म्हणतो 'धर', वरचा दाबून धरतो, आणि तेवढ्यात खालचा पान्ह्याने चाकापाशी नळीचं बारीक तोंड उघडतो. बुडबुडे बाहेर, तोंड बंद. मग तो म्हणतो 'सोड'. तोवर वरच्याने पाय हलवायचा नाही. पायाला मुंग्या येवोत, घराला आग लागो. हलवला की हवा परत आत, केलेलं सगळं पाण्यात.

"भावोजी, तुम्ही सीटवर बसा," म्हणत दौलत डाव्या बाजूने गाडीखाली शिरला. त्याचे पाय बाहेर, दाराच्या बरोबर समोर. इतक्यात वरून शेवंतीची किंकाळी आली. गुरासारखी. रामदासच्या चपला जिन्याकडे पळत गेलेल्या दौलतला ऐकू आल्या.

तो अंधारात पडून राहिला. छातीवर पान्हा, नाकात एरंडेल. वर गलका, मग एकदम शांत. चाळीत इतकं शांत कधी नसतं. मग वरती सीटची स्प्रिंग करकरली.

आले, असं त्याला वाटलं.

"दाब," तो म्हणाला.

पेडल दबलं. नळी ताठ झाली.

"धर."

"धरलं," वरून आवाज आला.

आवाज दबका होता. रामदासचा असेल, रडून घसा बसला असेल. दौलतने नळीचं तोंड उघडलं, काळं पाणी आणि बुडबुडे हातावर आले, तोंड बंद केलं. "सोड." पुन्हा दाब, पुन्हा धर. असा माणूस त्याला कधी भेटला नव्हता, केसभर पाय हलत नव्हता. पुढचं एक चाक झालं, दुसरं झालं. मागची चाकं राहू दे. शेवटचं "धर" म्हणून तो नळीचं तोंड आवळत होता, तेवढ्यात जिन्यावरून रामदासचा आवाज आला.

"दौलत, धर रे इकडून. खुर्ची वाकडी होतेय."

दौलत गाडीखालून बाहेर आला. रामदास, बुधाजी आणि सुंदराबाई शेवंतीला खुर्चीवर बसवून खाली आणत होते. आत्ता. जिन्याच्या मधल्या वळणावर.

त्याने गाडीत पाहिलं. सीट रिकामी. आणि पुढच्या सीटवर जायचं एकमेव दार त्याच्याच पायांवर होतं, इतका वेळ.

पेडल खाली दबलेलं होतं.

"भावोजी, तुम्ही मघाशी आला होता ना खाली?"

"मी कधी आलो? ती हात सोडेना माझा," रामदास म्हणाला. "तू कुणाशी बोलत होतास? दाब, धर काय काय चाललं होतं. वरपर्यंत ऐकू येत होतं."

शेवंतीचे ओठ पांढरे पडले होते. दौलतने खाली वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हटलं, "सोड."

पेडल सावकाश वर आलं. कुणी पाय उचलावा तसं.

रस्ते ओस. परळ मागे पडलं, दादरचा पूल आला. मागे शेवंती आधी कण्हत होती, आता कण्हतही नव्हती. रामदास नुसतं "ए, ए, बघ ना माझ्याकडे" म्हणत होता, आणि सुंदराबाई कुठल्या कुठल्या देवांची नावं घेत होती. पुलावर चढेपर्यंत ठीक. उतारावर गाडीने वेग घेतला, आणि खाली दौलतला दिसलं की पोरांनी रस्ता अडवलाय. दगड, पिंपं, त्यांच्यामागे माणसं.

त्याने पेडल दाबलं. पाय खाली गेला.

परत दाबलं. परत खाली.

हातब्रेक ओढला, तोही धरेना.

"बाजूला व्हा," रामदास खिडकीतून ओरडत होता.

माणसांचे चेहरे दिसायला लागले.

"दाब," दौलत म्हणाला. कुणाला म्हणाला, त्यालाच माहीत. "दाब रे. पाया पडतो तुझ्या, दाब."

त्याच्या बुटाखाली पेडल दगड झालं. चाकं किंचाळली. गाडी पहिल्या पिंपाला नुसतं टेकून उभी राहिली.

"बाळंतीण आसा," सुंदराबाई म्हणाली, आणि पोरांनी पटापट दगड ओढले. दौलतने पाय उचलून बाजूला घेतला होता. पेडल खालीच होतं. गाडी जागची हलेना.

"सोड," तो पुटपुटला. तेव्हा हलली.

"कुणाशी बोलतंस?" सुंदराबाईने विचारलं. त्याने गिअर टाकला, आणि तिने परत विचारलं नाही.

कौसल्याबाईंनी दारातच शेवंतीची नाडी बघितली. "फार उशीर केलात. मी प्रयत्न करते," म्हणाल्या. सगळे वर गेले. दौलत सीटवरच बसून राहिला. गल्लीत ऊन. पार्कावर चिटपाखरू नाही. वरच्या खिडकीतून भांड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला. रडणं नाही, कण्हणं नाही.

कितीतरी वेळ काहीच नाही.

मग गाडीखालून कुणीतरी म्हणालं, "दाब."

दौलतने दारातून वाकून पाहिलं. रस्त्यावर गाडीची सावली. पाय नाहीत, कुणी नाही.

"दाब."

त्याने दाबलं.

"धर."

"धरलं," दौलत म्हणाला. आवाज दबका निघाला.

पायाखाली पेडल हळूहळू खचायला लागलं, नळीचं तोंड उघडल्यावर खचतं तसं. आणि वर बाळ रडलं.

दौलत हसला, रडलाही. उठायला म्हणून त्याने पाय जरासा सैल केला.

रडणं तुटलं. दोरा तोडावा तसं. वरून कौसल्याबाईंचा चढलेला आवाज आला, धावपळ झाली.

त्याने पाय दाबला. बाळ पुन्हा रडायला लागलं.

परत सैल करून बघायची त्याची हिंमत झाली नाही.

रामदास खिडकीत आला. चेहरा सगळा ओला. "दौलत, मुलगी झाली रे. मधेच श्वास अडकला होता, पण आता बरी आहे. दोघी बऱ्या आहेत. ये ना वर, मामा."

"तुम्ही बघा, भावोजी. मी आहे इथे."

"अरे, आता काय दाबत बसलायस?"

"हवा काढतोय."

रामदास हसला. मग त्याने गाडीच्या या बाजूला पाहिलं, त्या बाजूला पाहिलं, आणि त्याचं हसू कमी कमी होत गेलं. "दौलत," तो म्हणाला, "खाली कोण आहे?"

दौलतने दोन्ही हातांनी आपला गुडघा दाबून धरला होता. तो कान देऊन ऐकत होता, पण खालून 'सोड' काही येत नव्हतं. पेडल अजून खचत होतं, सावकाश, एकसारखं. बुटाचा पुढचा भाग दिसेनासा झाला, मग घोटा. गाडीच्या तळाचा पत्रा केव्हाच लागायला हवा होता.