मागच्या माणसाचं हेल्मेट

सुविधा खरं तर पट्ट्या बांधायला आली होती. पेडण्याच्या शाळेच्या मैदानावर पायलट मंडळींनी – गोव्यात भाड्याची मोटारसायकल चालवणाऱ्याला पायलटच म्हणतात – श्रावणातल्या चार सोमवारी, शाळा सुटल्यावर, सांभाळून गाडी चालवायचं शिक्षण ठेवलं होतं. नवशिके होते, तसे वीस वर्षं चालवणारेही होते. कुणी पडलाच तर म्हणून जवळच्या पार्से गावची ही नर्स आंब्याखाली पेटी उघडून बसली.

शिकवणारा गौरेश तिच्याकडे वळला... नुसती मान नव्हे, आख्खा चेहरा घेऊन.

"पडलेल्याक पट्टी बांधूक तू, आणि पडू नये म्हणान मी. काय गे बाय?"

"कोण पडूचोच नाय, तर माका हंय बसयलात कित्याक?"

"शोभेक!"

सगळे पायलट हसले. ती चिडली, आणि चिडताना लाजलीही.

दुसऱ्या सोमवारी तिने स्वतःच स्कूटरचं हँडल धरलं. वाडीवाडीवर इंजेक्शनं द्यायला पायी किती फिरायचं?

"जेवलंस?" गौरेशने विचारलं.

"सोमवार आसा. सांजेक दिवो लावल्यारच..."

"रिकाम्या पोटार ब्रेक वेळार लागणा नाय." त्याने खिशातून दोन केळी काढली. "ही उपासाक चलतत मां?"

मग त्याने आणलेलं लाल हेल्मेट वर धरलं आणि सगळ्यांना दटावलं, "ह्या मागे बसतल्याचा. मागच्या माणसाचो जीव म्हणजे काय भाजयेची पिशवी?"

आणि ते त्याचं बघणं! बाकीचे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायचे. हा समोर येऊन, पुरता वळून, थांबून बघायचा. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचं नाव घेऊन दिवा लावताना सुविधाचा जप चुकू लागला. देवाची क्षमा मागायची, आणि पुन्हा तिथेच चुकायचं...

तिसऱ्या सोमवारी मैदान ओलं होतं. ती डावीकडून वळण घेत आली, आणि वळणाच्या खुणेच्या विटा मांडत असलेला गौरेश सरळ तिच्या वाटेत आला. शिकवल्याप्रमाणे तिने दोन्ही ब्रेक एकदम, हळूच आवळले. चाक त्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर थांबलं.

"मास्तर! मी दिसलंय नाय तुमका?"

"नाय," तो म्हणाला, आणि तिथेच चिखलात बसला. "कडेचा दिसणाच नाय माका. नळीतसून बघल्यासारखा. पणजेचो डॉक्टर म्हणता, सावकाश मधलाय जातला. शिगम्यापासून भाडी सोडलंय. म्हणान तर शिकयतंय..."

म्हणजे ते वळणं, ते थांबणं... सुविधाने स्कूटर बंद केली.

"मग माझ्याकडे तसा बघणा... डोळ्यांखातीर?"

"पयल्या सोमवारी डोळ्यांखातीर." तो पुरता तिच्याकडे वळला. "मागीर तुज्याखातीर, सुविधा."

आज पहिल्यांदाच त्याने तिला बाय म्हटलं नाही.

"आणि म्हणानच जातंय. भैण वास्कोक आसा, थंय. तुज्या उपासांत माजी भर नको."

चौथा सोमवार. शिक्षण संपलं, सुविधा पास झाली. तिनेच त्याला बसस्टँडवर सोडलं. लाल हेल्मेट घालून तो मागे बसला होता, आयुष्यभर लोकांना मागे बसवणारा. वाटेत एका वळणावर त्याचा हात तिच्या खांद्यावर आला, आणि लगेच उठला.

बस लागली होती. कुठे उभं राहायचं ते तिला आता ठाऊक होतं. ती त्याच्या अगदी समोर गेली.

"कडेचा दिसणा नाय, तर मी समोर रवतलंय."

"आणि समोरचाय गेला तर?"

"तर मागे बसा. गाडी माका येता... तुमीच शिकयलीत."

मग कंडक्टरची शिट्टी झाली, आणि पायऱ्या चाचपत तो चढला. वळून बघितलंच नाही.

बस निघाली तेव्हा खिडकीत त्याचा चेहरा होता, आणि मांडीवर ते लाल हेल्मेट. "मास्तर, हेल्मेट...!" ओरडत ती चार पावलं धावली, आणि थांबली. चार सोमवार तो हेल्मेट विसरणाऱ्याला सगळ्यांसमोर झापत आला होता. तो विसरणारा नव्हता. आणि बसमध्ये हेल्मेट कुणाला लागतं?

पदराने डोळे पुसून ती स्कूटरवर बसली. निघण्याआधी मान वळवून मागे बघितलं. आरशात सगळं दिसत नाही, त्यानेच सांगितलं होतं. मागची सीट रिकामी होती. मागच्या माणसाचं हेल्मेट मात्र त्याच्याजवळ होतं.