बंद करू नये

ही गोष्ट खरी आहे. शपथ मात्र घेणार नाही. शपथेला कुणाचं तरी नाव घ्यावं लागतं, आणि जिवंत माणसाचं नाव कुठेही लिहायची मला हल्ली भीती वाटते.

माझ्या भावाचं नाव इथे लिहिते आहे, कारण ते आधीच एकदा लिहून झालंय.

नको तिथे.

तारीख १२ जानेवारी २०२५, रविवार. मुलुंड पूर्वेला मिठागर रोडच्या मागे एक जुनी बिल्डिंग आहे, तिच्या तळमजल्याची खोली. रात्र नव्हती. दुपारचे तीन वाजत आले होते. समोरच्या घरात टीव्ही चालू होता, जिन्यात कुणीतरी भंगारवाल्याशी हुज्जत घालत होतं.

अशा दुपारी काही घडतं असं मला कुणी सांगितलं असतं, तर मीही हसले असते.

•

खोली आमच्या गावच्या मंडळाची. कोकणातली माणसं गिरण्यांत कामाला आली तेव्हा अशा खोल्यांत राहायची. आता तिथे सतरंज्या, मोठी पातेली आणि महिन्याची मीटिंग.

आणि अण्णांचा कॉम्प्युटर.

अण्णा माझे थोरले काका, मंडळाचे चिटणीस. रिटायर झाल्यावर कॉम्प्युटर शिकले आणि २०१३ साली मंडळाची वेबसाइट स्वतः बनवली. लोक त्यातलं एकच पान उघडायचे. मयताच्या बातम्यांचं. आमच्यात भावकीत कुणी गेलं की सगळ्यांना दहा दिवस सुतक. पण भावकी दहिसरपासून घाटकोपरपर्यंत विखुरलेली. कळणार कसं? अण्णा साइटवर नाव टाकायचे आणि दोनशे बारा घरांत मेसेज जायचा. सुतक कधी सुटणार ती तारीख साइट आपोआप काढायची.

वेबसाइट दिसत राहायची तर कुठला तरी कॉम्प्युटर दिवसरात्र चालू लागतो. त्यालाच सर्व्हर म्हणतात. लोक तो कंपनीकडून भाड्यानं घेतात. अण्णांनी घेतला नाही. त्यांचा सर्व्हर खोलीच्या कोपऱ्यात, स्टुलावर. त्याला नाव दिलं होतं 'अण्णा-१'. वर एक पुठ्ठा चिकटवलेला.

बंद करू नये.

अकरा वर्षं तो बंद झाला नाही. गणपतीला अण्णा गावी गेले, तरी नाही.

१९ डिसेंबरला बिल्डिंगचे मीटर बदलायला माणसं आली. दुपारी वीज गेली. सर्व्हरच्या बॅटरीनं थोडा वेळ दम धरला. मग तीही संपली.

त्याच दुपारी अण्णा घरी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. वय अठ्ठ्याहत्तर. कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

चुटपुट एकाच गोष्टीची लागली. ज्यांनी सगळ्यांच्या बातम्या कळवल्या, त्यांची बातमी कुणाला गेलीच नाही.

साइट बंद होती.

•

मी लोकांना वेबसाइट बनवून देते, म्हणून काम माझ्याकडे आलं. मीटिंगमध्ये मी प्लॅन समजावले. शेअर्ड होस्टिंग म्हणजे एका खोलीत दहा बिऱ्हाडं. एकाकडे पाहुणे आले की सगळ्यांची अडचण. व्हीपीएस म्हणजे त्याच चाळीत आपली वेगळी खोली. डेडिकेटेड म्हणजे अख्खा बंगला.

एक म्हातारे काका, मंडळातले सगळ्यांत जुने. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"गो बाय, आपलो देव दुसऱ्याच्या घरात कित्याक ठेवूचो? अण्णान ठेवलो नाय."

सगळे हसले. मीही हसले.

शेअर्ड प्लॅन ठरला. सर्व्हर लिनक्सचा, कारण अण्णांचा लिनक्सवर होता आणि त्यांचा जुना प्रोग्रॅम विंडोजवर चालला नसता. मुदत किती घ्यायची? एक महिना, तीन महिने, एक वर्ष, तीन वर्षं, असे पर्याय होते.

आधी एक महिना घेऊन बघू, असं मी म्हटलं.

मी म्हटलं. हे लक्षात ठेवा.

•

त्या रविवारी खोलीत आम्ही दोघंच होतो. मी आणि माझा भाऊ देवेश. माझ्याहून दीड वर्षानं लहान, लिफ्ट दुरुस्त करतो. घाटकोपरच्या टॉवरांमधल्या निम्म्या लिफ्ट त्याच्याकडे आहेत. त्यानं स्क्रू काढून अण्णा-१ ची हार्डडिस्क मला काढून दिली. मी तिच्यातलं सगळं नव्या सर्व्हरवर चढवलं.

आता फॉर्म चालतो का ते बघायचं होतं. त्यासाठी एक खोटी नोंद टाकतात. मेसेज जाणं मी बंद केलं आणि नाव टाकलं अबक.

घेईना. सभासदांच्या यादीतलंच नाव हवं होतं.

देवेश वडापाव खात होता. "माझं टाक ना."

"गप रे. मयताचं पान आहे ते."

"मग? रोज लिफ्टच्या टपावर उभा असतो मी. यम पण कंटाळून जिन्यानं परत जातो. टाक गं ताई, उरक."

मी टाकलं.

तारखेचा रकाना मुद्दाम रिकामा सोडला. फॉर्मनं अडवायला हवं होतं.

त्यानं अडवलं नाही…

नोंद क्र. ३४७
नाव: देवेश
मयत दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५
सुतक समाप्ती: २० फेब्रुवारी २०२५
शेरा: चाचणी

तारीख मी टाकली नव्हती. प्रोग्रॅम जुना आहे, काहीतरी गोंधळ असेल, असं म्हणून मी नोंद पुसली. यादीतून गेली.

तेवढ्यात…

घर्र… घर्र… मध्ये एक अडखळ… घर्र…

मंडळातला प्रत्येक माणूस हा आवाज ओळखतो. अण्णा-१ चा पंखा. अकरा वर्षं प्रत्येक मीटिंगमागे तोच वाजत होता.

देवेशचा घास तोंडात राहिला.

त्या डब्याची वायर गुंडाळून त्याच्यावरच ठेवली होती. बॅटरी भंगारात गेली होती. डिस्क माझ्या मांडीवर होती.

देवेशनं उठून डब्याला हात लावला. "गरम लागतोय."

दोनेक मिनिटं वाजला. मग थांबला. मी मोबाइल पाहिला. तीन दहा.

"उन्हानं तापला असेल," देवेश म्हणाला.

त्या कोपऱ्यात ऊन येत नाही.

•

सोमवारी सकाळी नोंद परत आली होती.

पुसली.

दुपारी परत.

पुसली. देवेशचं नाव सभासदांच्या यादीतूनच काढलं.

यादीतून गेलं. मयताच्या पानावर राहिलं.

होस्टिंग कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी हिंदीत, फार नम्रपणे बोलत होती. म्हणाली, आमच्याकडे काही बिघाड नाही, तुमच्याच दुसऱ्या सर्व्हरवरून ती नोंद रोज पाठवली जाते आहे. मी सांगितलं की आमचा दुसरा सर्व्हर नाही. तिनं थांबायला सांगितलं. टायपिंगचा आवाज आला. मग तिनं अडखळत नाव वाचलं.

"अन्ना… डॅश… वन."

मी विचारलं, रोज किती वाजता?

तिनं वेळ सांगितली. ती इथे पुन्हा लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे.

•

(इथे एक भाग होता. त्यात मी आईला काय सांगितलं ते होतं. काढून टाकला. ही गोष्ट मी ज्या पानावर टाकते आहे, तिथल्या गोष्टी आई मोबाइलवर वाचते.)

•

९ फेब्रुवारीला कंपनीची मेल आली. नेहमीची, सगळ्यांना येते तशी.

आपला प्लॅन ११ फेब्रुवारी रोजी संपत आहे.

मी ते वाक्य पाच-सहा वेळा वाचलं. अकरा फेब्रुवारी. ती तारीख मी महिनाभर रोज पुसत होते.

मग कपाटातून जुनी डिस्क काढली. का काढली, सांगता येत नाही. लॅपटॉपला जोडली आणि अण्णांची अगदी पहिली नोंद शोधली.

नोंद क्र. १
नाव: अण्णा
नोंद केल्याचा दिवस: ३ नोव्हेंबर २०१३
शेरा: चाचणी

अण्णांनीही फॉर्म तपासला होता. पण त्यांनी स्वतःचं नाव टाकलं होतं.

खाली तारखेचा रकाना.

मयत दिनांक: १९ डिसेंबर २०२४, दुपारी ३.१०

तेव्हा वीज नव्हती. बॅटरी संपलेली होती. त्या डिस्कवर ते लिहिलं कुणी?

मला पुठ्ठा आठवला. आम्ही सगळे समजत होतो, अण्णांना कॉम्प्युटरची काळजी आहे.

अख्खी साइटच उडवून टाकावी, असंही मनात आलं. बटणापर्यंत बोट गेलं होतं. अण्णांची साइट बंद पडली तेव्हा काय झालं, हे आठवलं आणि हात मागे घेतला.

•

तरीही मी दोन दिवस काही केलं नाही. मी शिकलेली बाई. दोन तारखा जुळल्या म्हणून घाबरायचं? सर्व्हर म्हणजे एक मशीन. देवेशला सांगितलं असतं तर त्यानं वर्षभर माझी फिरकी घेतली असती.

अकरा तारखेला सकाळी तो कामावर गेला. जाताना माझ्या ताटातली अर्धी पोळी उचलून गेला.

अकरा वाजता धीर सुटला. प्लॅन वाढवायला बसले. तीन वर्षं निवडली. कार्डाचा नंबर टाकला. आता मोबाइलवर ओटीपी येणार.

ओटीपी आला नाही.

पुन्हा मागवला. नाही आला.

आईच्या मोबाइलवरून बँकेला फोन लावला. एक दाबा, चार दाबा, नऊ दाबा. तासभर तेच.

बारा वाजून पाच मिनिटांनी साइट गेली. पांढरं पान आणि एक ओळ. हे खाते स्थगित आहे.

देवेशला फोन केला. लागेना.

परत केला. संपर्कक्षेत्राच्या बाहेर.

लिफ्टच्या खड्ड्यात रेंज नसते. हे मला माहीत होतं. तरी मी तोच नंबर फिरवत राहिले…

मग ओटीपी आला. सहा आकडे. घाईत दोनदा चुकले. तिसऱ्यांदा बसला. बारा नऊला साइट परत दिसली.

साडेबाराला देवेशचा फोन आला. पलीकडे गलका होता. तो मात्र हळू बोलत होता.

"ताई, आज वाट लागली होती."

"काय झालं?"

"टपावर होतो. ब्रेक सुटला. दोन मजले सरळ खाली. मग मध्येच थांबली. चार मिनिटं तसाच लटकलो होतो, मग काढलं पोरांनी."

"किती वाजता सुटला?"

"बारा पाच. का गं?"

"थांबली कशी?"

त्यानं तिथल्या पोरांना काहीतरी विचारलं.

"तेच कळत नाहीये. ब्रेक अजून तुटलेलाच आहे."

•

नोंद क्र. ३४७
नाव: देवेश
मयत दिनांक: ११ फेब्रुवारी २०२८

आता मी ती पुसत नाही.

तीन वर्षांच्या वरचा प्लॅन त्या कंपनीकडे नाही. दर महिन्याला विचारते. व्हीपीएसवर जायचं म्हटलं तर हलवताना साइट काही मिनिटं बंद ठेवावी लागते, म्हणून तेही नाही. अण्णा-१ चा रिकामा डबा मी घरी आणून कपाटावर ठेवला आहे. त्यावरचा पुठ्ठा फाटला होता. मी नवा लिहिला.

माझं अक्षर अण्णांसारखं नाही. पण त्या तीन शब्दांत ते तसंच आलंय…

देवेशनं पुठ्ठा पाहिला. सुटलेली कडा नीट दाबून बसवली. एरवी फिरकी घेतली असती.

आणि परवा मेल आली. आपली साइट ज्या सर्व्हरवर आहे तो जुना झाला असून कायमचा बंद करत आहोत. आपली साइट नव्या सर्व्हरवर हलवली जाईल. मंगळवार, दुपारी तीन ते सव्वातीन.

मी फोन केला. विनवण्या केल्या. ती मुलगी पुन्हा तितकीच नम्र. म्हणाली, जास्त नाही मॅडम, फक्त पाच मिनिटं बंद राहील. वेळ बदलून मागितली. ती कॉम्प्युटरनं ठरवली आहे, आमच्या हातात नाही, असं ती म्हणाली.

मी देवेशला मंगळवारी सुट्टी घ्यायला सांगितलं. मंडळाच्या खोलीत ये, म्हटलं. तळमजला आहे. सतरंजी घालून माझ्यासमोर बस. चहाही मी घरून करून आणेन, गॅस पेटवायचा नाही.

त्यानं मस्करी केली नाही. फक्त विचारलं, "किती वेळ बसायचं?"

"पाच मिनिटं."

"बरं," म्हणाला. "वडापाव आण."

आज शनिवार. दुपारी तीन दहाला कपाटावरचा डबा वाजला. रोज दोन मिनिटं वाजतो.

आज पाच मिनिटं वाजला.

मी हे का लिहिते आहे, ते सांगून थांबते. तुमच्यापैकी काही जण आमच्या मंडळाची साइट शोधतील. गावाचं नाव मी लिहिलेलं नाही, तरी शोधतील. या पानावरची माणसं शोधतातच.

शोधू नका. हात जोडते.

शेअर्ड प्लॅन आहे. एकदम खूप लोक आले तर साइट बंद पडते.